गोरोबाच्या नावापुढची शून्यं

मी बियाणे कंपनीत दाणे मोजतो.
सोयाबीनचे चारशे ओल्या कागदात गुंडाळायचे,
आठव्या दिवशी उलगडायचं:
किती उगवले, किती वाकडे, किती नुसतेच फुगून कुजले.
पिशवीवर छापलेला टक्का माझ्या बोटांतून गेलेला असतो.
संध्याकाळी जालन्यात, मिशन कंपाउंडच्या मैदानावर
तीच बोटं, तसलीच दोनशे पानी वही.

हाफीज सर आधी हसले.
"मियाँ, ये फुटबॉल है, तूर नै."

पण वहीनं पहिल्याच हंगामात एक गोष्ट धरली.
आपल्यावर झालेल्या तेवीस गोलांतले चौदा
शेवटच्या दहा मिनिटांतले.
सगळे म्हणायचे नशीब, पंच, कुणाची तरी नजर.
मी म्हणालो, पाणी.
नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गल्ल्यांतली पोरं
एका बाटलीत चौघं भागवत होती.
मग लिंबू-मीठ घातलेल्या दोन कळशा आल्या,
एक याकोबच्या आईची,
एक मुजम्मिलच्या अब्बांच्या गाड्यावरची.
पुढच्या हंगामात चौदाचे पाच झाले.
ते पाच मी लाल शाईनं लिहिले.
माणसाला माज यायला पाच पुरतात.

मग सगळंच मोजायला लागलो.
मुजम्मिल : फटके एकेचाळीस, गोल तीन.
सरांना म्हणालो, बसवा त्याला.
बसवला. तो बाकावर बुटाची नाडी सोडायचा, बांधायचा.
हिंगोलीविरुद्ध कुणाचा तरी पाय मुरगळला म्हणून उठवला,
तर बेचाळिसावा फटका खांबाला लागून आत.
टक्का वाढला सव्वादोननं.
हिंगोलीवाले जीपमध्ये रडत चढले,
ते काही सव्वादोन टक्क्यांसाठी नव्हे.

आणि गोरोबा ढगे. मागे मधोमध.
टॅकल शून्य. हेडर एखादं. पास, सरळ याकोबकडे.
धड पळायचाही नाही.
कमरेवर हात ठेवून "डावीकडं सरक रे" एवढंच ओरडायचा,
आणि ओरडणं मी मोजत नव्हतो.
एका पानावर तर त्याची ओळच सोडून दिली,
तेवढीच शाई वाचली.

त्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात
कायमची रात्रपाळी लागली.
त्याच्या जागी परतूरचा उंच पोरगा:
दर मॅचला नऊ टॅकल, कोपरापर्यंत काळी माती, टाळ्या.
मी खूश. रकाना भरत होता.
सहा सामन्यांत आपल्यावर एकोणीस गोल झाले.

त्या रात्री जुनी पानं उलगडली.
परभणीचा दहा नंबर उजवीकडून यायचा,
मध्येच थबकायचा, चेंडू मागं द्यायचा.
मी लिहिलं होतं, "दहा नंबर आज सुस्त."
चार सामने. चारही वेळा सुस्त.
माझ्याच अक्षरात.

जे घडलंच नाही
त्याचा दाणा कुठल्या कागदात ठेवायचा?

सकाळी सहाला पाळी सुटते.
गेटसमोरच्या टपरीवर वही उघडून दाखवली:
हे तू असताना. हे तू गेल्यावर.
भट्टीच्या धगीनं त्याच्या भुवया तांबूस झालेल्या.
बशीतला चहा संपेपर्यंत बोलला नाही.
"ही शून्यं माझी?"
"हो."
"लई हायेत की."
एकावर अंगठा फिरवला, पुसलं जातंय का बघितल्यासारखा.
मग म्हणाला, "त्या परतूरच्याला सांग,
चेंडूकडं बघू नको. समोरच्याच्या खांद्याकडं बघ.
खांदा आधी बोलतो.
आता झोपायचंय मला."

खांद्यासाठी एक रकाना आखावा म्हणून
मी पिशवीत फूटपट्टी शोधत राहिलो.
तोवर रिक्षा भरली.
तो मागं, दोघांच्या मध्ये, अंग चोरून बसला
आणि बसल्या बसल्याच ड्रायव्हरला म्हणाला,
"डावीकडून घे, पुढं ट्रक उलटा लागलाय."
ट्रक मला तर दिसतही नव्हता.